जबलपूरचा खेळ आणि पाच शहरांची इंडियन ओपन: ही स्पर्धा थांबली कशी? परत आली तर नागपुरात का नको?

बर्डीवाला

मंडळी, गेल्या महिन्यात कामानिमित्त जबलपूरला जाणं झालं. मनसर, देवलापार, खवासा, सिवनी, लखनादौन, आपला नेहमीचा रस्ता. काम दुपारीच आटोपलं, म्हणून नर्मदा क्लबच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. सदस्यांचा क्लब आहे, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्न नव्हता. पण दहा मिनिटं बाहेर उभा राहिलो. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी याच गावात स्नूकर काढला. त्यांच्या पिरॅमिड नावाच्या खेळात पंधरा लाल चेंडू असत, त्यांत आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ झाला. आणि तेव्हाचं जबलपूर म्हणजे मध्य प्रांत, ज्याची राजधानी आपलं नागपूर.

परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्या देशात हा खेळ जन्मला, तिथं पहिली रँकिंग स्पर्धा (जिचे गुण व्यावसायिक खेळाडूंच्या जागतिक क्रमवारीत धरतात) व्हायला २०१३ उजाडलं. इंडियन ओपन. ती पाच वेळा झाली, पाच वेगवेगळ्या शहरांत:

२०१३ नवी दिल्ली: डिंग जुनहुईने आपल्या आदित्य मेहताला ५-० हरवलं
२०१५ मुंबई: मायकल व्हाइट वि. रिकी वॉल्डन, ५-०
२०१६ हैदराबाद: अँथनी मॅकगिल वि. कायरन विल्सन, ५-२
२०१७ विशाखापट्टणम: जॉन हिगिन्स वि. मॅकगिल, ५-१
२०१९ कोची: मॅथ्यू सेल्ट वि. ल्यू हाओतियान, ५-३

त्यानंतर नाही. माझं मत सांगतो: या स्पर्धेला घर मिळालं नाही, म्हणून ती टिकली नाही. जागतिक स्पर्धा १९७७ पासून शेफिल्डच्या क्रूसिबलमध्ये आहे, म्हणून लोक दरवर्षी तिकडे जातात. तुम्हाला काय वाटतं? आणि परत आली तर देशाच्या मधोमध असलेल्या आपल्या शहरात का येऊ नये?

तर्रीपोहे

धागा एक नंबर, भाऊ. नागपूरसाठी माझं मत आत्ताच घ्या.

इतवारीकर

एक शंका. हा खेळ काढणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव चेंबरलेन असं ऐकलंय. तो म्हणजे पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तोच ना?

सातचा_काळा

@इतवारीकर, नाही. नाव सारखं, माणूस वेगळा. हा नेव्हिल चेंबरलेन सैन्यातला, तेव्हा डेव्हनशायर रेजिमेंटमध्ये होता. पंतप्रधान झाले ते १८७५ साली जेमतेम सहा वर्षांचे होते.

‘स्नूकर’ हे नाव कसं पडलं तेही सांगतो, मला फार आवडतं ते. वूलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवख्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणायचे. जबलपूरला खेळताना एकाचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला ‘स्नूकर’ म्हटलं. मग लगेच म्हणाला, या खेळात आपण सगळेच नवखे. तेच नाव खेळाला चिकटलं. पुढे तो उटीला गेला आणि तिथल्या क्लबात नियम लिहून लावले गेले. १८८५ साली इंग्लंडचा बिलियर्ड्सचा मोठा खेळाडू जॉन रॉबर्ट्स हिंदुस्थानात आला होता, तो चेंबरलेनकडून हा खेळ समजून घेऊन मायदेशी गेला. म्हणजे इंग्लंडला स्नूकर आपल्याकडून गेला.

धरमपेठची_लेक

बर्डीवाला, घराचा मुद्दा मला अर्धाच पटला. जागतिक स्पर्धेचाच इतिहास बघा ना. १९२७ साली पहिल्यांदा झाली, बर्मिंगहॅमच्या कॅमकिन हॉलमध्ये अंतिम सामना. दहा खेळाडू होते. जो डेव्हिसने टॉम डेनिसला २०-११ हरवलं आणि त्याला मिळाले साडेसहा पौंड. त्यानेच स्पर्धा उभी केली आणि १९४६ पर्यंत पंधरा वेळा जिंकली. युद्धाची काही वर्षं सोडली तर एकदाही न हरता निवृत्त झाला.

मग उतरती कळा लागली. १९५२ साली खेळाडू आणि नियामक मंडळ यांचं फाटलं, खेळाडूंनी आपली वेगळी स्पर्धा काढली. १९५७ ला तर फक्त चार जण उतरले. त्यानंतर १९६४ पर्यंत स्पर्धाच नाही! सात वर्षं! सुरू झाली तीही आव्हानाच्या पद्धतीने, विजेत्याला एकेकाने आव्हान द्यायचं. बाद पद्धत परत आली १९६९ मध्ये. १९७५ ला ऑस्ट्रेलियात खेळवली, १९७६ ला मिडल्सबरो आणि मँचेस्टर अशा दोन गावांत. म्हणजे क्रूसिबल मिळेपर्यंत पन्नास वर्षं तीही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होतीच.

आपली इंडियन ओपन २०१९ नंतर थांबली म्हणून ती मेली असं मी म्हणणार नाही.

बर्डीवाला

@धरमपेठची_लेक ताई, हा विचार मी केलाच नव्हता. १९५७ ते १९६४ ची गोष्ट मला माहीत नव्हती. ‘संपली’ शब्द मागे घेतो, तसा मी लिहिला नव्हता पण मनात तोच होता.

वैनगंगा

मला या खेळातलं फार कळत नाही. बिलियर्ड्स आणि स्नूकर एकच ना?

सातचा_काळा

टेबल तेच, बारा बाय सहा फुटांचं. बिलियर्ड्सला तीनच चेंडू. स्नूकरला बावीस: एक पांढरा, पंधरा लाल, सहा रंगीत. लाल पाडला की एक, मग रंगीत: पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. सगळे लाल प्रत्येक वेळी काळ्यासोबत पाडले आणि मग उरलेले रंगीत ओळीने पाडले की १४७. जबलपूरला सुरुवातीला निळा आणि तपकिरी नव्हते, ते नंतर आले.

वैनगंगा

धन्यवाद! आता यूट्यूबवर बघताना कळेल. 🙏

पुण्यात_अडकलेला

मूळचा महालचा, सध्या पुण्यात. मी २०१५ ला मुंबईची इंडियन ओपन प्रत्यक्ष पाहिली आहे. पुण्याहून पहाटेच्या गाडीने गेलो, एक दिवस पाहिली, रात्री परत. तोवर मी स्नूकर फक्त टीव्हीवर पाहिला होता. टीव्हीवर आवाज कळत नाही. तिथं क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टिपेवर खडू घासला जातो तो आवाजसुद्धा ऐकू येतो. चेंडू खिशाच्या जाळीत पडतो तो आवाज मला आजही आठवतो. कुणी शिंकलं तर सगळे वळून बघतात.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. व्हाइट, मॅकगिल, सेल्ट, तिघांचंही पहिलं रँकिंग विजेतेपद भारतातलं. पाचपैकी तीन! उपांत्य फेरीपर्यंत सातपैकी चार फ्रेम (म्हणजे डाव), अंतिम सामना नऊपैकी पाच. छोटे सामने, म्हणून नव्या खेळाडूला संधी जास्त. माझ्या दृष्टीनं ही या स्पर्धेची खरी ओळख होती.

चॉकधूळ

छोट्या सामन्यांना मी ओळख म्हणणार नाही. छोट्या सामन्यात नशीब जास्त चालतं. क्रूसिबलचा अंतिम सामना पस्तीसपैकी अठरा फ्रेमचा, दोन दिवस चालतो. १९८५ चा डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस आठवा. १७-१७, शेवटची फ्रेम, शेवटचा काळा चेंडू. संपूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या एका चेंडूवर. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक टीव्हीसमोर जागे होते. हे नऊपैकी पाचच्या सामन्यात घडत नाही.

पुण्यात_अडकलेला

@चॉकधूळ, दोन दिवसांचा सामना आपल्याकडे सुरुवातीलाच कोण बसून बघणार? आधी सवय तरी लागू द्या.

चॉकधूळ

पाच-पाच दिवसांची कसोटी बघणारे लोक आहोत आपण. जामठ्याला उन्हात बसतो.

सिवनी_नाका

दोघंही बरोबर आहात, पण मूळ मुद्दा वेगळा आहे असं मला वाटतं. चीनकडे बघा. २००५ साली डिंग जुनहुई अठरा वर्षांचा असताना घरच्या चायना ओपनमध्ये जिंकला. त्यानंतर तिथं गल्लोगल्ली टेबलं लागली. वीस वर्षांनी, २०२५ मध्ये झाओ शिनतोंगने क्रूसिबलला मार्क विल्यम्सला १८-१२ हरवलं आणि पहिला चिनी जगज्जेता झाला. हे फळ २००५ मध्ये लावलेल्या झाडाचं.

आपल्याकडे तो क्षण २०१३ मध्ये आला होता. दिल्लीत आदित्य मेहता उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला ४-३ हरवून अंतिम फेरीत पोचला. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय. समोर तोच डिंग, जो त्या वर्षी शांघाय, दिल्ली आणि लगेच पुढची चीनमधली अशा सलग तीन रँकिंग स्पर्धा जिंकला. मेहता हरला यात कमीपणा काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी ही बातमी वाचली? मी तेव्हा नागपुरातच होतो. मला चार दिवसांनी कळलं, तेही मित्राकडून.

धरमपेठची_लेक

@सिवनी_नाका, हे वाचून वाईट वाटलं. खरं आहे. बाकी हौशी खेळाडूंच्या जगात तर आपण केव्हापासून पुढे आहोत. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, १९५८ ला कोलकात्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळातले ते भारताचे पहिले जगज्जेते. मायकल फरेरा तीनदा. ओम अग्रवाल १९८४ ला डब्लिनमध्ये स्नूकरचे हौशी जगज्जेते. गीत सेठी. पंकज अडवाणीची २०२४ पर्यंत अठ्ठावीस जागतिक विजेतेपदं! एवढं असून व्यावसायिक स्नूकरमध्ये आपला पाय रोवला गेला नाही.

तर्रीपोहे

अडवाणी व्यावसायिक सर्किटमध्ये गेला होता ना?

सातचा_काळा

हो, २०१२ ला. २०१४ मध्ये सोडलं. त्या सर्किटसाठी इंग्लंडमध्येच राहावं लागतं, वर्षभर. घर, सराव, प्रवास, सगळा खर्च आधी, बक्षीस नंतर. आणि त्यात बिलियर्ड्सही सांभाळायचं. म्हणून देशात एक रँकिंग स्पर्धा असणं इतकं मोलाचं. इथल्या पोराला जगातले पहिले सोळा खेळाडू स्वतःच्या टेबलावर दिसतात.

इतवारीकर

आता नागपूरवर या की बाप्पा! खेळवायची कुठं? मानकापूरचं इनडोअर स्टेडियम?

वैनगंगा

फार मोठं होईल. एवढ्याशा टेबलावरचं लांबून काय दिसणार?

बर्डीवाला

क्रूसिबल हे मुळात नाट्यगृह आहे. स्पर्धा तिथं कशी गेली त्याची गोष्ट अशी की आयोजक माइक वॉटरसन यांची बायको तिथं नाटक बघायला गेली होती. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, तुमच्या स्नूकरला ही जागा चांगली आहे. जेमतेम ९८० खुर्च्या. मग आपल्याकडे सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह आहे.

धरमपेठची_लेक

मी हौशी रंगभूमीवर काम केलं आहे, म्हणून सांगते. क्रूसिबलचा मंच प्रेक्षकांत पुढे आलेला आहे, तीन बाजूंनी लोक बसतात. म्हणून शेवटच्या रांगेतूनही टेबल वरून दिसतं. आपली सभागृहं चौकटीच्या मंचाची. मंचावर टेबल ठेवलं तर पहिल्या चार रांगांना टेबलाची कडा आणि खेळाडूचे बूट दिसतील. मोठा पडदा लावला तर जमेल, पण मग घरीच टीव्ही बघितलेला काय वाईट? त्यापेक्षा मानकापूरला मधोमध टेबल आणि चहूबाजूंनी तात्पुरत्या चढत्या खुर्च्या. ८०० लोक. बाकी स्टेडियम काळ्या पडद्यांनी झाकून टाका.

बर्डीवाला

वा! हे पटलं.

तर्रीपोहे

डिसेंबरमध्ये मात्र ठेवू नका. हिवाळी अधिवेशनात गावात एक खोली मिळत नाही.

चॉकधूळ

जानेवारी उत्तम. हवा कोरडी, कापड मस्त पळतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या पार्लरमधली टेबलं बघा, चेंडू चिखलात चालल्यासारखा. व्यावसायिक स्पर्धेत टेबल खालून गरम ठेवतात म्हणून फरक कमी पडतो, पण दमट हवेत कुशन (टेबलाची रबरी कड) वेगळी वागतेच.

रुळावरचा

नमस्कार. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितो. माझे बाबा नागपुरातल्या एका जुन्या क्लबात मार्कर होते, एकतीस वर्षं. क्लबाचं नाव लिहीत नाही.

मार्कर म्हणजे काय हे नवीन मुलांना माहीत नसेल. गुण मांडणारा, हे झालं एक काम. सकाळी सहाला जाऊन टेबलावरचं पांघरूण काढायचं. कापडाला ब्रश करायचा तो फक्त एका दिशेने, डी कडून (टेबलावरच्या अर्धवर्तुळाकडून) काळ्या चेंडूच्या बाजूला. उलटा हात फिरवला तर तंतू उभे राहतात आणि हळू मारलेला चेंडू वाकतो. मग इस्त्री, तीही त्याच दिशेने, कुठं न थांबवता. इस्त्री फार तापली का हे बाबा जुन्या वर्तमानपत्रावर टेकवून बघायचे, कागद पिवळा पडला तर थांबायचे. टिपा बदलायच्या, सरसाने चिकटवायच्या, क्यू वाकला का ते टेबलावर लोळवून बघायचं. संध्याकाळी साहेब लोक आले की एखाद्याला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं, आणि साधारण कळेल न कळेल अशा बेताने हरायचं.

बाबांचा सर्वोत्तम ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग केलेले गुण, ११२. तो पाहायला एकच माणूस होता, क्लबाचा माळी. दुपारची वेळ होती, सदस्य कोणी नव्हते. मार्करने एकट्याने खेळायचं नाही असा नियम होता. कुणीतरी सांगितलं आणि बाबांचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. तेव्हा मी चौथीत होतो. आईने विचारलं तर म्हणाले, पैसे गेले, पण एकशे बारा झाले.

त्यामुळे ‘आपल्याकडून खेळाडू का निघाले नाहीत’ हे वाचलं की मला राहवत नाही. टेबल होतं. खेळता येणारा माणूसही होता. त्याला त्या टेबलावर खेळायची परवानगी नव्हती.

धरमपेठची_लेक

रुळावरचा, दोनदा वाचलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

सातचा_काळा

एकशे बारा, तेही रोजच्या सरावाशिवाय. ज्याने कधी क्यू हातात घेतला आहे त्यालाच कळेल हे काय आहे. माझा सर्वोत्तम ४१ आहे, पंधरा वर्षांच्या खेळानंतर.

सिवनी_नाका

माझ्या आधीच्या प्रतिसादात मी बातम्या आणि प्रसिद्धीबद्दल लिहिलं. तुमचं वाचून वाटतंय, त्याच्याही आधीची गोष्ट राहिली. चीनमध्ये टेबलं गल्लीत लागली. आपल्याकडे ती फाटकाच्या आत राहिली. जबलपूरपासून तेच.

चॉकधूळ

पण आता पार्लर आहेत की. सदर, धरमपेठ, मानेवाडा, सगळीकडे. तासाच्या हिशोबाने टेबल, हरणारा पैसे देतो. कॉलेजची पोरं असतात.

सिवनी_नाका

आहेत, पण बहुतेक ठिकाणी पूलची छोटी टेबलं. पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाला जागा लागते, चारही बाजूंनी क्यू मागे घेता आला पाहिजे. भाड्याच्या गाळ्यात ते परवडत नाही. आणि अजूनही बरेच आईबाप पार्लरचं नाव काढलं की पोराला घरात कोंडतात. माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं.

वैनगंगा

आई म्हणून सांगते, मीही नाहीच म्हटलं असतं. पण आपल्याच दिव्या देशमुखने २०२५ ला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून आमच्या अपार्टमेंटमधल्या चार मुली क्लासला जायला लागल्या. आपल्या गावातलं कोणीतरी जिंकताना दिसलं की आईबाप बदलतात, मी स्वतः बदलले. स्पर्धा इथे झाली आणि शाळेच्या मुलांना सकाळच्या सामन्यांना फुकट सोडलं, तर मी माझ्या मुलाला नक्की घेऊन येईन.

पुण्यात_अडकलेला

हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. बर्डीवाला, तुमच्या ‘घर’ या शब्दाचा अर्थ मला आता वेगळा लागतोय. पाचही वेळा स्पर्धा मोठ्या हॉटेलात किंवा त्याला जोडलेल्या सभागृहात झाली. शहराचं नाव बदललं, जागा मात्र त्याच प्रकारची राहिली.

बर्डीवाला

बरोबर. मी फक्त शहर बदलत गेलं एवढंच बघत होतो. मानकापूर सार्वजनिक आहे, रस्त्यावरून कोणीही आत येऊ शकतो. माझं मत आता असं: रँकिंग स्पर्धा एकदम मागायची नाही. आधी विदर्भाची खुली स्पर्धा, पूर्ण मापाची दोन टेबलं, प्रवेश फुकट. क्रूसिबललाही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दोनच टेबलं असतात, मध्ये पडदा लावून. ती तीन-चार वर्षं नीट चालली तर मोठ्या स्पर्धेबद्दल बोलायला तोंड राहील. जिल्हा क्रीडा कार्यालयाला द्यायचा अर्ज मी लिहायला घेतो. धरमपेठची_लेक ताई, खुर्च्यांच्या मांडणीचा तेवढा नकाशा काढून द्याल?

धरमपेठची_लेक

या शनिवारपर्यंत देते.

तर्रीपोहे

काही चिठ्ठ्या-चपाट्या, धावपळ असेल तर मले सांगा. गाडी आहे, वेळ आहे.

इतवारीकर

मी पण. आमचं मंडप-डेकोरेशनचंच काम आहे, काळे पडदे माझ्याकडून.

रुळावरचा

रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ७८ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा वाचावा लागला. जो डेव्हिसचे साडेसहा पौंड ऐकून बराच वेळ हसले. सगळं झाल्यावर म्हणाले, “थे मानकापूरची फरशी सपाट हाय का पाहून घ्या आधी. पाटीचं टेबल हाय, पाच दगड असतात खाली, टनाच्या वर वजन. एका पायाखाली कागदाएवढा फरक राहिला तं चेंडू भिंतीकडे जाते. लेव्हल कोन लावनार हाय?”

मी म्हटलं, बाबा, कोणी मिळालं नाही अजून.

आज सकाळी उठलो तर कपाटातून लाकडी पेटी काढून बसले होते. स्पिरिट लेव्हलची काच पुसून राहिले.

बर्डीवाला

रुळावरचा, काकांना विचारा, रविवारी सकाळी नऊला मानकापूरला येतील का. मी घरून न्यायला येतो.